स्पेन, मंगळवार पेठ

हंबीर अतिग्रेला अख्खी पेठ स्पेन म्हणायची.
कौतुकानं नव्हे.
लांब किक मारायचाच नाही गडी.
मी पुढं हात वर करून उभा,
गॅलरी बोंबलतेय, "टाक की रं फुडं!"
आणि हा आपला चार पावलांवरच्या माणसाला
काठोकाठ भरलेली वाटी द्यावी
तसा जपून चेंडू देणार.

याचं मूळ मला ठाऊक आहे.
पापाच्या तिकटीला एका इस्त्रीच्या दुकानात
रात्री साडेबाराला शटर अर्धं ओढून
आम्ही सात-आठ जण तिकडच्या मॅचा बघायचो.
सगळ्यांचे डोळे चेंडूवर.
हंबीर पडद्याच्या कोपऱ्याला बोट लावायचा:
"ह्यो बघ. ह्याच्याकडं अजून बॉल आलाच न्हाई,
तरी दोनदा मागं बघितलं ह्यानं."
बुटका, कपाळ मोठं, पळण्यात अगदीच बेताचा.
नाव आम्हाला धड उच्चारता यायचं नाही,
म्हणून नुसतं 'त्यो मधला'.

त्या आठवड्यापासून हंबीर शिरोलीच्या फौंड्रीतसुद्धा
साचा भरता भरता मान वळवायला लागला.
मुकादमानं विचारलं,
"कोण येतंय काय रे? वसुलीवाला?"

अकरा सीझन.
पेपरात माझं नाव ठळक, गोलांच्या मिनिटासकट.
त्याचं कधी आलंच तर 'अतिगरे'.
एका फायनलला त्यानं चेंडू
मागं गोलकीपरकडं दिला, हलकाच,
मध्ये त्यांचा पोरगा घुसला,
आणि कप पलीकडच्या गल्लीत वाजत गेला.
सकाळी त्याच्या दारावर खडूनं लिहिलेलं: स्पेनला जा.
त्याच्या आईनं पुसलं नाही.
खाली उंबऱ्यावर रोजच्यासारखी रांगोळी काढली.

मग शाहू स्टेडियमच्या कोरड्या, कडक मातीत
गुडघा गेला.
त्याच उन्हाळ्यात 'त्यो मधला'पण थांबला.
तिकडं सगळं मैदान उभं राहून टाळ्या वाजवत होतं,
हंबीर माझ्या मोबाइलवर ते बघत होता,
गुडघ्याला गरम विटेचा शेक.
एवढंच म्हणाला,
"त्याचापण डावाच."

दोन वर्षांनी तो माणूस
काळ्या कोटात रेषेबाहेर उभा दिसला.
कोच.
हंबीरनं मला काही सांगितलं नाही.
गांधी मैदानात पहाटे साडेपाचला
चिखल भरलेल्या पाण्याच्या बाटल्या ओळीनं मांडल्या,
बुटाच्या नाडीत शिट्टी ओवली,
आणि नऊ पोरं, तीन पोरी घेऊन
सुरू झाला.

पहिला महिनाभर किक बंद.
हा पाठीमागं उभा राहून बोटं वर करतो.
चेंडू पायाशी यायच्या आत
वळून बघायचं आणि आकडा ओरडायचा.
चुकलं की चेंडू दुसऱ्याचा.
आमची ईश्वरी त्या तिघींतली एक.

काल दोरीबाहेरून मीच ओरडलो,
"मार की गं!"
तिनं नाही मारला.
मान वळवली, "चार!" म्हणाली,
आणि शेजारच्या पोरीला दिला,
वाटी न सांडता.
हंबीरनं माझ्याकडं ढुंकून बघितलं नाही.
बघायची गरजच नव्हती.
मी दोरीपाशी येऊन उभा राहिलो
तेव्हाच त्यानं दोनदा बघून घेतलेलं असणार.

आणि मग लक्षात आलं.
अकरा वर्षं मी हात वर करून उभा,
वाटायचं, ह्याला मी दिसतच नाही.
दिसत होतो.
माझ्या पाठीवर चिकटलेला त्यांचा बॅकपण दिसत होता,
जो मला
एकदाही दिसला नाही.

हे त्याला बोलायचं होतं.
तेवढ्यात शिट्टी झाली, पोरं पाण्याला धावली.

परत येताना बिंदू चौकाच्या अलीकडं
मागच्या सीटवरून ईश्वरी म्हणाली,
"पप्पा, किती बोटं?"
गाडीचा आरसा सहा महिने झाले फुटलेला.
मी अंदाजानं म्हटलं, "दोन."
"चूक," ती म्हणाली.
"बॉल गेला."